मदत हवी आहे: इम्युनोथेरपी चालू असताना अँटिबायोटिक झालं, आता प्रोबायोटिक द्यावं का?

नमस्कार मंडळी, अंबाजोगाईहून लिहितोय. वडील ६१ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर, नॉन स्मॉल सेल, स्टेज ४. पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) दर २१ दिवसाला संभाजीनगरला, २ डोस झाले. मधी दाढ सुजली म्हणून इथल्या डॉक्टरांनी ५ दिवस अँटिबायोटिक दिलं, कोर्स संपला, जुलाब वगैरे काही नाही. नंतर वाचलं की २०१८ ला पॅरिसच्या गुस्ताव्ह रूसी या कॅन्सर हॉस्पिटलच्या टीमला अँटिबायोटिक घेतलेल्या पेशंटमधी इम्युनोथेरपीच्या औषधांचा गुण कमी दिसला, आणि ज्यांना गुण आला त्यांच्या आतड्यात अ‍ॅकरमॅन्सिया नावाचा जिवाणू जास्त सापडला, तेव्हापासून जीवाला लई घोर लागलाय.

कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणले पुढचा डोस ठरल्या तारखेलाच, गुरुवारी, पण प्रोबायोटिकचं (आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलचं) विचारायचं राहूनच गेलं. मेडिकलवाला कॅप्सूल घ्या म्हणतोय, अजून दिली नाही. शुगर नाही, स्टिरॉइड नाही, ज्वारीची भाकरी, मटकी, घरचं ताक चालूय.

कुणाच्या घरी असंच झालं असेल तर तुमच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिक चालू करा म्हणलं का नको म्हणलं, आणि ताक-दही चालू ठेवू दिलं का?