मदत हवी आहे : टूर मॅनेजरांचा ताण कसा कमी करावा?

नमस्कार मंडळी. मी सहलींबरोबर जाणाऱ्या टूर मॅनेजरांची टीम सांभाळते. सीझनमध्ये पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत पाहुण्यांसमोर हसतमुख राहायचं, मग विमान चुकलेलं का असेना! समाजशास्त्रज्ञ हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहिताना यालाच ‘भावनिक श्रम’ म्हटलं. जीव ओतून काम करणारी माझी माणसंच आधी थकतात, हे मला फार लागतं. मानसशास्त्रज्ञ मेयर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये कर्मचाऱ्याच्या संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासूनची ओढ, सोडलं तर नुकसान होईल म्हणून टिकणं, आणि कर्तव्यभावना. माझ्या टीममधली ओढ आटत चाललीय, नाइलाज तेवढा उरतोय. दोन सहलींमध्ये सक्तीची सुट्टी देऊन कुणाला फरक जाणवलाय का? किती दिवसांची दिलीत? आणि त्या काळात पाहुण्यांचे फोन कोण घेतं?