पाणथळ, गाळपेर की मळी?

भीमाकाठ: उजनीच्या पक्ष्यांवरचं एक माहितीपत्रक मराठीत आणतोय. धरण उतरू लागलं की काठाची जी ओली जमीन उघडी पडते, तिला मी 'पाणथळ' लिहिलं. गावातल्या एका आजोबांनी खोडून काढलं : "पाणथळ म्हणजे निचरा न होणारं रान, पीक पिवळं पडतं ते. ही गाळपेर, पाणी उतरल्यावर गाळात पेरतात ती." काय ठेवू?

शब्दमित्र: आजोबांचंच खरं. 'पाणथळ' हे शेतकऱ्याच्या तक्रारीतलं विशेषण. त्याला 'जागा' जोडून गौरवाचं केलं ते पर्यावरणवाल्यांनी.

चक्रवाक: गाळपेर मुळीच नको. त्या शब्दातच पेरणी आहे. नदी सुरय, आर्ली, कंठेरी चिखल्या उन्हाळ्यात त्याच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. काड्यांचं घरटं नाही, नुसता खळगा, आणि अंडी खड्यांच्या रंगाची. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला दिसतही नाहीत. पत्रकात गाळपेर छापलंत तर वाचणाऱ्याला कलिंगडं आठवतील, पिल्लं नाही.

संगमावर: आमच्या कृष्णाकाठी पूर ओसरल्यावर उरते ती 'मळी'. वांगी तिथलीच. 'मळ'वरूनच आला असणार.

शब्दमित्र: आज मळी म्हटलं की साखर कारखान्याची मळी. मासे मेल्याच्या बातमीत येते ती. गोंधळ होईल.

संगमावर: कारखाने आत्ताचे, शब्द आजीचा. आपण का सोडायचा?

कादवा: इथे कायद्याचंही बघा. केंद्राचे २०१७ चे पाणथळ नियम नदीचं पात्र, भातखाचरं आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळतात. त्या हिशोबानं उजनी पाणथळ ठरायला अडचणच. आणि नांदूर मध्यमेश्वर, गोदावरीवरचा इंग्रजी अमलातला सिंचनाचाच बंधारा, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला! म्हणून 'पाणथळ' शब्द सोडू नका, उलट ठासून लिहा.

साकोलीकर: भातखाचरं वगळली हे फार लागलं. गोंदियात सारस धानाच्या बांधीत घरटं करतो. देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतं ते मामा (माजी मालगुजारी) तलावात. आमच्याकडे तलाव, बोडी (छोटं तळं), बांधी असे वेगळे शब्द आहेत. सगळ्यांना एक 'पाणथळ' चिकटवलं की कुठे कोण राहतं तेच पुसलं जातं.

शब्दमित्र: मान्य. पण पुण्याच्या वाचकाला बोडी कळेल?

साकोलीकर: एकदा समजावून सांगितली की कळेल. रामसर कुठे आधी कळत होतं?

भीमाकाठ: सध्या 'उघडी पडलेली गाळजमीन' लिहिलंय. रोहित पक्षी तिच्याच कडेच्या उथळ पाण्यात चरतात, असं पुढचं वाक्य आहे.

संगमावर: रोहित नको! संस्कृतात रोहित हा मासाही आहे, आपला रोहू. अग्निपंख लिहा.

चक्रवाक: अग्निपंख बोलताना कोण म्हणतं? उजनीकाठच्या भिगवणचे नावाडी सरळ फ्लेमिंगो म्हणतात.

संगमावर: ते पर्यटकांसाठी. बोलीत रुळलं नाही म्हणून इतका नेमका शब्द टाकायचा? उडताना पंख उघडले की आतला लाल रंग दिसतो, त्यावरूनच आहे तो.