मदत हवी आहे: सुटलेली शीर हाडाला पुन्हा कशी धरते? आबांना समजवायचं आहे

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, घरची केळी आहे. महिन्यापूर्वी गाडी भरताना २०-२५ किलोचा घड आबांच्या खांद्यावरून घसरला. सावरायला गेले आणि उजवा हात वरच जाईना. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनॅटस या हात वर उचलणाऱ्या स्नायूची शीर (रक्ताची नव्हे, स्नायुरज्जू) दंडाच्या हाडापासून सुटलेली निघाली. जळगावला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं; हाडात छोटे अँकर (दोरा धरणारे खिळे) बसवून शीर दोऱ्याने शिवली आहे. सहा आठवडे हात गळ्यात, तीन महिने वजन नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आज २६ दिवस झाले. आबा म्हणतात, "मना खांदा आते दुखत नही." काल त्याच हाताने बादली उचलताना दिसले, माझ्या पोटात धस्स झालं.

रविवारी मटणाची नळी आणली होती, ती मुद्दाम सोलून पाहिली. मांस बोटाने निघालं. पांढरी दोरी मात्र हाडाशी सुरी घालूनही सुटेना, शेवटी हाडाचा कपचा घेऊनच आली. दोरी कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात एवढंच होतं की स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडते आणि अस्थिबंध हाडाला हाडाशी. मग शिवलेली शीर आपोआप धरते, की कायम दोऱ्यावरच लटकते?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, धुळे):

भाऊ, अर्धं उत्तर तुम्ही नळीतच पाहिलंत. शीर वरून चिकटलेली नसते, तिचे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू हाडात शिरलेले असतात. स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम शार्पी यांच्यावरून त्यांना शार्पी तंतू म्हणतात. नाडा लोखंडी कडीपाशीच झिजतो ना? मऊ आणि कडक तिथे एकदम भेटतात. खांद्यात तसं होऊ नये म्हणून मऊ रज्जू, मग कूर्चा, मग चुना धरलेली कूर्चा आणि मग हाड, असे चार थर जेमतेम मिलिमीटरभर जागेत असतात. ताण पायरीपायरीने हाडात उतरतो.

शिवल्यावर हे थर पूर्वीसारखे परत येत नाहीत, तिथे व्रणाची ऊती भरते. ती भरेपर्यंत भार दोऱ्यावर. जोराची ओढ बसली तर बऱ्याचदा दोरा तुटत नाही, तो रज्जूला चिरत बाहेर येतो. सूज उतरली की दुखणं थांबतं. तंतू भक्कम व्हायला मात्र महिने जातात, कारण रज्जूच्या टोकाला रक्त कमी पोचतं. तेव्हा दुखत नाही म्हणजे जुळलं, असं धरू नका. बादलीचं आजच तुमच्या सर्जनच्या कानावर घाला.

धागाकर्ता:

फोन केला, उद्या दाखवायला बोलावलंय. तुमचा प्रतिसाद आबांना वाचून दाखवला. नाड्याचं त्यांना पटलं, हात पुन्हा गळ्यात अडकवलाय. आता विचारतात, ठिबकचा कॉक डाव्या हाताने फिरवला तर चालेल का?