बोर्नमाउथ की बोर्नमथ? उच्चार आणि अर्थ सांगा प्लीज

मुग्धा_नाशिक
भाच्याला इंग्लंडमध्ये मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये, दक्षिण किनाऱ्यावरचं बोर्नमाउथ. म्हणजे स्पेलिंगवरून आम्ही घरात सगळे तसंच म्हणतोय, पण तो म्हणतो तिकडे सगळे बोर्नमथ म्हणतात. ताई त्याच्याबद्दल मंडळाच्या अंकात चार ओळी लिहितेय, तर मराठीत नेमकं काय छापायचं? आणि माउथ म्हणजे तोंड हे कळलं, पण बोर्न म्हणजे काय? जन्माशी काही संबंध आहे का?

साउथॅम्प्टनकर
भाचा बरोबर सांगतोय. जोर सगळा पहिल्या बोर्नवर, शेवटचं माउथ इतकं घाईत उरकतात की नुसतं मथ उरतं. त्यातही इथले लोक र जवळजवळ गिळतात, त्यामुळे कानावर बॉऽनमथ असं काहीतरी पडतं. थ पण आपल्या थाळीतला नाही, जीभ दातांमध्ये ठेवून हवा सोडायची, पण लिहिताना थच लिहा, दुसरं अक्षर आहे कुठे आपल्याकडे. पोर्ट्समथ, प्लिमथ, वेमथ, एक्समथ सगळ्यांचं हेच. डेव्हनमध्ये टेन नाहीतर टाइन वाचावंसं वाटेल असं स्पेलिंग असलेलं एक गाव आहे, त्याला म्हणतात टिनमथ! आणि वेल्सचं मॉनमथ तर आपल्या मन्मथाच्या इतकं जवळ जातं की एकदा ऐकलं की हा मथ विसरायला होत नाही. फक्त सगळीकडे हा नियम लावू नका, ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथला स्वच्छ माउथच म्हणतात.

ओढ्याकाठी
जन्माशी काही संबंध नाही, त्या बॉर्नचं स्पेलिंगही वेगळं. हा बोर्न म्हणजे जुन्या इंग्रजीतला ओढा, स्कॉटलंडमध्ये अजून ओढ्याला बर्न म्हणतात तोच शब्द. ईस्टबोर्नमध्येही तोच. डॉर्सेटमध्ये विंटरबोर्न नावाची बरीच खेडी आहेत, विंटरबोर्न म्हणजे चुनखडीच्या भागातला फक्त हिवाळ्यात पाऊस झाल्यावर वाहणारा ओढा, किती नेमका शब्द आहे बघा. आणि माउथ म्हणजे आपण नदीचं मुख म्हणतो तेच. म्हणजे बोर्न ओढा समुद्राला मिळतो ती जागा. हा ओढा आजही आहे, गावाच्या मधोमध लांबलचक बागा आहेत त्यांतून वाहत येतो, अगदी छोटासा, आणि पिअरजवळ, म्हणजे समुद्रात बांधलेल्या धक्क्याजवळ, समुद्राला मिळतो. भाच्याला सांगा स्क्वेअरपासून, म्हणजे गावातल्या मुख्य चौकापासून, ओढ्याच्या कडेकडेने चालत जा, गावाच्या नावाचा अर्थ पायाखालीच सापडेल.

गंमत म्हणजे नाव गावापेक्षा खूप जुनं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांत या जागेचं नाव सापडतं, पण तेव्हा तिथे वस्ती अशी नव्हती, ओसाड माळ होता. लुइस ट्रेगनवेल नावाच्या निवृत्त कॅप्टनने १८१० मध्ये तिथे जमीन घेऊन घर बांधलं, तेव्हापासून गावाची सुरुवात धरतात. मग पाइनची झाडं लावली, त्या हवेने छाती सुधारते म्हणून आजारी लोक यायला लागले आणि १८७० मध्ये रेल्वे आल्यावर गाव भराभर वाढलं. आणि अंकात काउंटी लिहिणार असाल तर डॉर्सेट लिहा, जुन्या पुस्तकांत हॅम्पशायर दिसेल कारण १९७४ पर्यंत ते तिकडे होतं.

शुद्धलेखन_प्रेमी
छापायचं तर बोर्नमथच छापा. आपल्या ठाण्याला कोणी थाना म्हटलं की आपल्याला खटकतं ना, मग त्यांचं गाव त्यांच्या तोंडी जसं आहे तसंच घ्यावं, मी तर याबाबतीत हट्टीच आहे. पहिल्यांदा नाव येईल तिथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एवढं जोडा म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. पुढे लंडनसारखंच चालवा, बोर्नमथला गेला, बोर्नमथमध्ये शिकतो, बोर्नमथचा समुद्र. बोर्नमथात पण चुकीचं नाही, मला कानाला जरा जड वाटतं इतकंच.

मुग्धा_नाशिक
खूप खूप आभार सगळ्यांचे, ताईला आत्ताच फॉरवर्ड केलं. अजून एक, त्याची रूम शेजारच्या गावात आहे, स्पेलिंग पी डबल ओ एल ई, ते पोल की पूल?

साउथॅम्प्टनकर
पूल, ऊ दीर्घ. पण मराठीत नुसतं पूल लिहिलं की लोकांना नदीवरचा पूल वाटेल, म्हणून ताईंना पूल शहर असं लिहायला सांगा. २०१९ पासून बोर्नमथ, पूल आणि क्राइस्टचर्च तिघांची काउन्सिल एकच आहे. आणि वॉटर्लूहून वेमथला जाणारी गाडी आधी बोर्नमथला थांबते मग पूलला, तर रूमवर जायचं असेल तर बोर्नमथला उतरू नको म्हणावं.