आजी-आजोबांचा रीतसर फोटो: स्टुडिओत की घरीच?

महालकर: नातवंडांसाठी फोटो ठेवायचा तर स्टुडिओतच काढा. मोबाइलमधल्या हजारांतून भिंतीवर लावण्याजोगा एक निघत नाही आणि शेवटी आधार कार्डावरचाच चेहरा मोठा करून त्याला हार घालतात. करडा पडदा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स, लेन्सचं छिद्र एफ ५.६, फ्लॅशवर उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स. अर्ध्या तासात काम फत्ते.

ओसरी: अन् त्यांना स्टुडिओचा जिना चढवायचा कोणी जी? मोतीबिंदूवाल्या डोळ्यांवर फ्लॅश मारला की माणूस आखडतोच. घरी उत्तरेच्या खिडकीपासून ३-४ फुटांवर हाताची खुर्ची ठेवा. सोफा नको, माणूस रुततो आणि हनुवटी छातीला टेकते. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. ट्यूबलाइट बंद, नाहीतर अर्ध्या चेहऱ्याचा रंग वेगळाच येतो. हात थरथरत असतील तर शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली आणू नका.

महालकर: खिडकी मान्य, पण मे महिन्यात नागपुरात खिडकी उघडी ठेवतं कोण? वाळ्याच्या ताट्यांआड उजेड नाही, कपाळावर घाम. घरीच काढायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिवाय चष्म्यात खिडकी दिसते, त्याचं काय?

ओसरी: काड्या कानांवरून किंचित उचला, काचा खाली झुकतात, चमक जाते. चष्मा काढू मात्र नका, रोजचा चेहराच हरवतो. पांढरी टोपी फोटोत जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, अर्ध्या स्टॉपनं (अर्ध्या पायरीनं) कमी ठेवा.

फ्रेमवाला_इतवारी: तुम्ही दोघं काढण्यावरच भांडून राहिले. फोटो मरतो तो भिंतीवर! कूलरच्या ओलीनं तो काचेला चिकटतो, मग सोलून निघतो. मध्ये माउंट बोर्ड, म्हणजे फोटो काचेपासून दूर ठेवणारा जाड पुठ्ठा, हवाच, तोही आम्लरहित. कूलरसमोरची भिंत टाळा. १२×१८ इंचाला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ३६००×५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल घेऊन येऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. मागे बॉलपेन चालवलं की पुढून उमटतं. माउंटच्या पाठीवर पेन्सिलनं नाव, गाव, तारीख लिहा.

ओसरी: आणि स्टुडिओवाले सुरकुत्या पुसतात ते? ब्युटी फिल्टरनं कपाळावरचं गोंदणसुद्धा डाग समजून उडतं. नातवाला ती आजी ओळखू येणार का?

महालकर: तो दोष फिल्टरचा, स्टुडिओचा नाही. महिन्याभरात जाणारं, म्हणजे पुरळ, खरचटलेलं, ते पुसावं. कायमचं राहू द्यावं. पडलेले दात तेवढे अपवाद, तिथे कवळी.

ओसरी: बाप्पा! कवळी लावायची की नाही, ते आजीला विचारा ना आधी.