मदत हवी आहे: पेठेतला वाडा पाडण्यापासून वाचवायचाय
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या पणजोबांच्या वाड्यावर महापालिका कायद्याच्या कलम 264 ची, धोकादायक इमारतीची नोटीस चिकटलीय. चौकातला सागवानी खांब टोकला की अजून खणखणीत वाजतो. सडलंय ते न्हाणीघराकडच्या तुळईचं टोक, तेही पन्हळ फुटल्यामुळे. शिवाय मागे कधीतरी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, त्यात ओल कोंडली. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणि लाकडी वाडे तपासलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत आहे का?

दुसरं, धाकट्या काकांना त्यांचा हिस्सा बिल्डरला विकायचाय (त्यांचंही चुकत नाही, भाडं महिना 40 रुपये येतं). बाहेरच्या खरेदीदाराने वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या विभाजन कायद्याच्या कलम 4 खाली तो हिस्सा घरच्यांना विकत घेता येतो. प्रत्यक्षात कुणी घेतलाय का? किंमत कशी ठरली?