ग्रँड पियानोची प्लेट: सूर बिडात की आखणीत?

काळीपाच
ग्रँडच्या बिडाच्या प्लेटवर, म्हणजे तारा ताणून धरणाऱ्या ओतीव चौकटीवर, बोटाचं पेर आपटून पाहा. वाळूच्या साच्यात ओतलेली ठप्प वाजते, व्हॅक्यूम साच्यातली (हवा ओढून वाळू घट्ट केलेल्या) किणकिणते. वरच्या सप्तकांतला काचेरी झणका तिथूनच येतो असं माझं ठाम मत आहे.

खुंटीवाला
अहो, टिचकी मारून मडकं निवडतात, पियानो नाही! अखंड चौकटीचं पेटंट अमेरिकन पियानो-कारागीर बॅबकॉकने 1825 मध्ये घेतलं, तिथल्याच चिकरिंगने 1843 मध्ये ती ग्रँडमध्ये आणली. तेव्हापासून तिचं काम ताण पेलणं. कॉन्सर्ट ग्रँडमध्ये तो 20 टनांच्या घरात जातो. गायचं काम साउंडबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीचं. काचेरीपणा बहुधा तारेवर पडणाऱ्या हातोड्याच्या कडक झालेल्या फेल्टचा असतो. सुया टोचून फेल्ट सैल करा, प्लेट तीच असून झणका उतरेल.

ओतकाम
बिडातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या कंप गिळतात, म्हणून तर लेथचा बेडही बिडाचा असतो. पाकळ्या कशा पडणार हे मिश्रणावर आणि धातू किती वेगाने निवतो त्यावर ठरतं. कोल्हापूरच्या कुठल्याही फाउंड्रीत हेच सांगतील. व्हॅक्यूम साच्याने माप नेमकं येतं, घासकाम वाचतं. बस.

काळीपाच
म्हणजे प्लेट कशीही चालेल?

कापोची धार
मुळीच नाही. खुंटीवालेही इथे अर्धंच बोलले. शेवटच्या सुराची वाजणारी तार जेमतेम 5 सेंमी. तिचं एक टोक प्लेटच्याच कापो पट्टीखाली दाबलेलं. पट्टी सडपातळ असेल तर तीही हलते, तारेची शक्ती खाते आणि सूर लाकडासारखा टक् करून विझतो. पट्टीची खालची धार बोथट झाली किंवा तिला तारेने खाचा पाडल्या, की चरचर सुरू.

तपासायचं असं: त्या सुराच्या तीनपैकी दोन तारा पाचर घालून बंद करा, तिसरी नखाने छेडा. हातोडा हिशेबातून गेला. तरीही चरचरली तर ती तार उतरवून धारेवरून नख फिरवा, खाच अडकेल. मग त्या भागातल्या सगळ्या तारा काढून धार कानशीने सलग घासावी लागते. नुसती खाचेपाशी घासली तर तिथे खड्डा पडतो आणि शेजारचे सूरही बिघडतात. जुनी तार परत चढवू नका. तिला पडलेली मुरड वाजणाऱ्या भागात सरकली की नवी भुणभुण.

ओतकाम
दांड्यांचंही बोला की. प्लेटचा आडवा-उभा आधार देणारा दांडा आला की तारांमध्ये जागा सोडावी लागते, हातोडे तिरके बसवावे लागतात. तिथेच दोन शेजारच्या सुरांचा रंग वेगळा ऐकू येतो. ग्रँडमध्ये एकमेकींवरून जाणाऱ्या तारांचं स्टाइनवे या पियानो कंपनीचं पेटंट 1859 चं. पियानोवादक बॅरनबॉइमसाठी बेल्जियन कारागीर ख्रिस मेनने 2015 मध्ये केलेल्या ग्रँडमध्ये तारा पुन्हा समांतर आहेत. खर्ज मोकळा हवा असेल तर मला तीच आखणी पटते.

खुंटीवाला
कापोचं मान्य. समांतर तारांचं नाही. तिथे खर्जाचा ब्रिज (तारांचा कंप फळीला देणारी लाकडी पट्टी) साउंडबोर्डच्या कडेला जातो, आणि कडेला फळी कमी हलते.

काळीपाच
टकटक मागे घेतो. पण एकाच आखणीच्या, एकाच हातोड्यांच्या, फक्त साचा वेगळा अशा दोन प्लेट कुणी शेजारी ठेवून वाजवल्यात का?